अंगठा उठत नाही

निपाणीत, झेरॉक्सच्या दुकानावर
लोखंडी जिना चढून आलं की आमचं ऑफिस.
पाटीवर कन्नड ओळ वर, मराठी खाली.
रंगाऱ्याला खालची जागा पुरली नाही,
‘इथे सल्ल्याचे पैसे घेत’ ठळक आलं
आणि ‘नाहीत’ कोपऱ्यात मुंगीएवढं.
लांबून वाचणारा ‘घेत’वरच थांबतो,
जिन्यात उभा राहून कनवटीची गाठ चाचपतो.

मी वकील नाही.
वकील शिंत्रेबाई.
मी नोटिसा वाचून दाखवतो,
कन्नडातल्या मराठीत, मराठीतल्या कन्नडात,
आणि दोन्हींतल्या सरकारी, माणसांच्या बोलीत.

शेवंताक्का घस्ते आली तेव्हा
तिच्या पिशवीत एक पत्र होतं,
देवाच्या फळीवर तीन महिने ठेवलेलं,
कडेला कुंकवाचं बोट.
मी वाचलं : या नावाची कामगार आमच्या दप्तरी नाही.
“परत वाच.”
परत वाचलं.
“बरं,” ती म्हणाली, “मग अडतीस वर्षं वळल्या कुणी?”

कारखान्याच्या मुनशीनं कधीकाळी
कानावर पडलं तसं कन्नडात लिहिलं होतं : शांता गस्ती.
त्याच्या मागे ओळीत चाळीस बायका,
सूप काखेत, पानं ओली,
कोण थांबतंय एका अक्षरासाठी?
फंड कापला गेला शांताचा.
पाठ गेली शेवंताची.

लोक सीमा कोगनोळीच्या नाक्यावर दाखवतात.
मला ती त्या दोन कागदांच्या मधे दिसली,
टाचणी जाईल एवढी जागा,
आणि तिच्यात एक अख्खी बाई.

प्रतिज्ञापत्र टाइप झालं :
शेवंता आणि शांता ही एकच व्यक्ती आहे.
खाली अंगठा.
मी शाईचा डबा पुढे केला.
पहिल्यांदा डाग. पुसला.
दुसऱ्यांदा डाग.
रॉकेलनं धुतला, उन्हात धरला,
चौथ्यांदाही कागदावर एक गुळगुळीत काळं बी.
रेषा नव्हत्याच.
“ह्या बोटानंच तर पान दुमडतो की,” ती म्हणाली,
जणू मीच काहीतरी विसरलो होतो.

शिंत्रेबाई तो डाग बराच वेळ बघत बसल्या.
चहावर साय धरली.
मग त्यांनी समासात लिहिलं :
बिडी वळण्याने अंगठा उठत नाही.
आणि मला म्हणाल्या,
“पुसू नकोस. हा पुरावा क्रमांक एक.”

कोर्टात साहेबांनी विचारलं, “हेसरू?”
एवढं कन्नड तिला येतंच.
“कुठलं सांगू?” ती म्हणाली.
कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत.
कारखान्याचा वकील बोलत राहिला,
तो बोलत होता तेवढा वेळ
तिची बोटं पिंजऱ्याच्या लाकडावर
नसलेलं पान कापत होती,
नसलेला जर्दा भरत,
नसलेलं सूत गुंडाळत.
शंभर तरी झाल्या असतील.
छाट एकही नाही.
पुढची तारीख मिळाली. एकवीस.

परत आल्यावर मी रजिस्टर काढलं.
आमच्याकडे एक रकाना आहे : फी.
तिथे मी नऊ वर्षं एकच शब्द लिहीत आलोय.
“काय लिवलंस?”
“निरंक.”
“म्हंजे?”
“काही नाही. फुकट.”
ती खुर्चीवरून उठलेली परत बसली.
“फुकट कसं?
आजच्या हजार बिड्या बुडल्या.
यष्टीला जाऊन-येऊन गेले ते गेले.
शेजारणीला सुनेजवळ बसवून आले,
तिच्याबी पाचशे धर.
तू घेतलं न्हाईस, व्हय.
पर मी दिलंय की रं.”

शिंत्रेबाई फायलीतून वर बघत नव्हत्या,
पण त्यांचं पेन थांबलं होतं.

मी पट्टी घेतली,
निरंकच्या शेजारी आणखी एक रेघ मारली.
नव्या रकान्याला नाव काय द्यावं ते सुचलं नाही.
कोरंच ठेवलं.
खाली लिहिलं : बिड्या दीड हजार, यष्टी, एक दिवस.
ती म्हणाली, वाचून दाखव.
वाचून दाखवलं.
मग तिनं न विचारता डबा ओढला
आणि त्या ओळीपुढे
आपला तो काळा, रेषा नसलेला अंगठा
नीट दाबून ठेवला.